बाटलीवरचा बाप

झाकणकाकांची आणि माझी पहिली भेट म्हणजे भांडणच होतं. त्या छोट्या बिअर कारखान्यात मी विक्रीच्या कामाला लागले तो पहिला दिवस. शेडमध्ये शिरले आणि भरलेल्या बाटल्यांच्या रांगेतली एक उचलून उजेडात धरली. मागून आवाज आला, "ठेवा ती खाली. झाकण बसलं नाही अजून." वळून बघते तर सत्तरीला टेकलेला एक काटकुळा माणूस, हातात यंत्राचा दांडा, आणि चेहरा असा की जणू मी त्याच्या घरातलं काही उचललंय. मी म्हटलं, "अहो, मीच विकणार आहे ही." "विका की, झाकण बसल्यावर," ते म्हणाले, आणि बाटली माझ्या हातातून काढून घेतली. माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! पुढे चार महिने आम्ही कामापुरतंच बोललो.

कारखाना कसला, गाड्यांच्या गॅरेजमागची लांबलचक शेड ती. तीन टाक्या, कायम ओली जमीन, भिजलेल्या धान्याचा वास आणि आम्ही चार माणसं. मालक, ज्याला त्याच्या पाठीमागे आम्ही 'दाढी' म्हणायचो. बिअर बनवणारा, जो माणसांपेक्षा टाक्यांशी जास्त बोलायचा. मी, आणि झाकणं बसवणारे काका. काकांनी तीस वर्षं मोठ्या कंपनीच्या बाटल्या भरायच्या लाइनवर काढली होती. तिथे डोळ्याचं पातं लवेपर्यंत शंभर बाटल्या पुढे जायच्या. इथे दांडा ओढा, एक बाटली. पुन्हा ओढा, दुसरी. रिटायर झाल्यावर घरात बसवेना म्हणून आले होते. जेवायच्या सुट्टीत तिघं एका बाकावर, काका समोरच्या रिकाम्या क्रेटवर, भिंतीकडे तोंड करून. पाव, उकडलेलं अंडं, पाणी. कधी बोलवलं तर "खा तुम्ही" म्हणायचे.

आता बिअरचं सांगते. बिअर चांगली होती, विकली जात नव्हती. दाढीने लेबलवर चष्मा घातलेलं घुबड छापलं होतं आणि खाली लिहिलं होतं, संत्र्याच्या सालीचा गंध, देवदाराचा रेंगाळणारा शेवट. मी एका बारमध्ये संध्याकाळी ती ओतली, तेव्हा फरशा बसवणारा एक मिस्त्री लेबल वाचून म्हणाला, "बाई, ही प्यायची का हुंगायची?" सगळं टेबल हसलं. त्याचं चुकलं नव्हतं हो. दिवसभर गुडघ्यांवर बसून फरशा ठोकलेल्या माणसाला देवदाराशी काय देणं-घेणं? त्याला नेहमीची बिअर हवी, नेहमीचा मित्र हवा आणि कोणी शहाणपणा शिकवू नये एवढी इच्छा. मी दाढीला सांगितलं, हे घुबड उडवा. तो म्हणाला, घुबड म्हणजे आपली ओळख आहे. मी म्हटलं, ओळख आहे, पण कोणी ओळख दाखवत नाहीये ना! शेवटी त्याने हात टेकले आणि म्हणाला, मग तूच लिही काय लिहायचंय ते.

मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. बारमध्ये जायचं, माणसाला त्याची नेहमीची अर्धा ग्लास ओतायची, शेजारी आमची अर्धा ग्लास, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. पहिला घोट कडू लागतो, तोंड वाकडं होतं. तिसऱ्या घोटाला माणूस आपणहून ग्लासकडे बघतो. तेव्हाच बोलायचं. पण तिसऱ्या घोटापर्यंत त्याला थांबवायला बाटलीवर काहीतरी माणसासारखं हवं होतं, घुबडासारखं नको.

एके दिवशी शेडमध्ये काका बाटली पुसत होते. खिडकीचा उजेड तोंडावर पडला होता, आणि मला वाटलं, अरे, हा चेहरा! या माणसाने हातात दिलं तर कोणीही पिईल. मी भांडण विसरून जवळ गेले. विचारलं, "काका, मुलंबाळं?"

"मुलगी आहे एक."

"येते का?"

पुसायचा हात थांबला. "येते ना. रविवारी."

झालं. मी त्याच दुपारी लिहिलं. 'एका बापाने ही बिअर आपल्या मुलीसाठी ठेवली आहे. ती रविवारी येते. तो वाट बघतो.' वर काकांचा फोटो. दाढी म्हणाला, यात चवीबद्दल एक अक्षर नाही. मी म्हटलं, म्हणूनच. काकांना वाचून दाखवलं तर त्यांनी कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मला वाटलं, नाही म्हणणार. त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुठकुठच्या दुकानांत जाईल?"

आणि विकली हो! त्याच मिस्त्रीने पहिली पेटी नेली, बायकोच्या वडिलांना म्हणून. ड्रायव्हर, वायरमन, शाळेतले शिपाई, सगळे मागायला लागले. नाव वेगळंच होतं, पण कोणी ते घ्यायचं नाही. 'बापाची दे एक,' म्हणायचे. मी काकांना घेऊन बारमध्ये जायला लागले. लोक त्यांना ओळखायचे, खुर्ची सरकवायचे, विचारायचे, "काय, आली होती का या रविवारी?" आणि चार महिन्यांत चार वाक्यं न बोललेला हा माणूस फुलून यायचा. आली होती की. नातवाला घेऊन आली होती. तो आता सायकल शिकतोय. घरभर धुडगूस घालतो. मी शेजारी बसून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं. मी मनाशी म्हणायचे, बघ, तुझ्या एका लेबलने माणूस बोलता केला. कसली मिजास होती मला.

एका रविवारी मी नव्या छपाईची पहिली बाटली घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. म्हटलं, लेकीसमोर देऊ या. लॉंड्रीच्या वर एक खोली, लोखंडी जिना. दार उघडंच होतं. काका पलंगाच्या कडेला बसले होते, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावर एक ताट, एक पेला. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, वरच्या कागदावर धुळीचा थर. मी विचारलं, "आली नाही अजून?" ते शर्टाची बाही सारखी करत राहिले. त्या धुळीनेच मला सांगितलं.

मग त्यांनी सांगितलं, खिडकीकडे बघत. बायको शेवटच्या आजारात तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. मुलगी सोळा वर्षांची, ती एकटी उशाशी. काका लाइनवर. मुलीला सांगितलं, रजा मिळत नाही. बायको गेली तेव्हाही ते लाइनवरच होते. मुलीने कंपनीला शिव्या घातल्या, बापाला कधीच नाही. मोठी झाली, लग्न केलं, दुसऱ्या गावी गेली. पण दर रविवारी यायची, खरंच यायची. नंतर काका रिटायर झाले, निरोपाचा कार्यक्रम झाला, मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. आणि मोठे साहेब कौतुकाने बोलायला उठले. म्हणाले, असा कामगार होणे नाही. बायको शेवटच्या घटका मोजत होती, मी स्वतः यांना सांगितलं, जा, पगारी रजा देतो, पण या माणसाने लाइन सोडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत मुलगी उठून गेली. त्याला नऊ वर्षं झाली.

"का नाही घेतलीत रजा?" मी विचारलं. मला राग आवरत नव्हता.

"भीती वाटली," काका म्हणाले. "तिला तसं बघायची. लाइनवर कसं, बाटली येते, झाकण बसतं, जाते. तिथे काही घाबरायला होत नाही."

मी म्हटलं, उद्याच लेबल बदलते. कुणाच्या जखमेवर धंदा करायला मी काही कसाई नाही. तर त्यांनी माझं मनगट धरलं. "नको गं. तिच्या गावात जाऊ दे ती बाटली. दुकानात बघेल, वाचेल. मी वाट बघतो हे खोटं नाही ना त्यातलं?" नातवाचं विचारलं तर म्हणाले, तिला मुलगा आहे एवढं ऐकलंय, सायकलचं मी आपलं मनानेच सांगतो.

त्यानंतर मी त्या गावाच्या मागे हात धुऊन लागले. दाढी म्हणे, तिकडे कशाला, रस्ता लांब, गिऱ्हाईक थोडं. मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही त्यातलं. तिथल्या सगळ्यात मोठ्या दुकानाच्या व्यवस्थापकाकडे मी पाच वेळा गेले. तो मला बघून मागच्या दाराने पळायला लागला, तेव्हा मी मागच्या दाराशी उभी राहिले. शेवटी त्याने शेल्फ दिलं. दीड महिन्याने एका शनिवारी दुपारी चव द्यायला टेबलही दिलं. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी दांडा ओढायचं थांबवलं आणि जमिनीवरच बसले. "आली तर काय बोलू?" म्हणाले. मी म्हटलं, "काही बोलू नका. नुसतं तिच्याकडे जा."

शनिवारी दुकानात ही गर्दी. साबणाच्या आणि कागदी रुमालांच्या ढिगांमध्ये आमचं टेबल. काका एप्रन बांधून छोट्या पेल्यांत ओतत होते. फेस बाहेर जात होता, पण लोक खुशीत. एक लालबुंद चेहऱ्याचा ट्रकवाला तर तिथेच तळ ठोकून बसला. प्रत्येक येणाऱ्याला सांगायचा, हेच ते, बाटलीवरचे. कोणीतरी विचारलं, लेक कशी आहे. काका सवयीने बोलून गेले, "मजेत आहे. मागच्या रविवारी आली होती, नातू आता हात सोडून सायकल चालवतो."

आणि मला ती दिसली. चार पावलांवर, हातात आमची बाटली, लेबल वाचून झालेलं. हनुवटी हुबेहूब बापाची. ती पुढे आली, टेबलावरचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि पेला हातातच ठेवून काकांकडे बघत उभी राहिली. चिडलेली नव्हती. मी शपथेवर सांगते, ती चिडलेली नव्हती. ती थांबली होती.

काकांनी मान वर केली. तेवढ्यात तो ट्रकवाला, देव त्याचं भलं करो, दोघांकडे आळीपाळीने बघत हसला आणि म्हणाला, "अहो काका, ही तर तुमच्याच तोंडवळ्याची! हीच का ती?"

आठ-दहा माणसं वळून बघायला लागली. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी बाटली उचलली, दुसऱ्या पेल्यात ओतायला लागले आणि खाली बघून म्हणाले, "छे छे. ही कुठली. माझी रविवारी येते."

ती क्षणभर तशीच उभी होती. मग पेला टेबलावर ठेवला, नीट, कलंडणार नाही असा, आणि वळली.

"काका, जा," मी म्हटलं. त्यांनी ओतणं चालूच ठेवलं. मी त्यांचा दंड धरला. "अहो जा ना! टेबल मी बघते. जा!" माझा आवाज चढला होता, अख्खं दुकान ऐकत होतं.

"गिऱ्हाईक उभं आहे," काका म्हणाले.

मग मीच पळाले. माझ्या वयाला आणि वजनाला न शोभेल अशी पळाले. ती बाहेर गाडीचं दार उघडत होती. मी धापा टाकत म्हटलं, ते लेबल मी लिहिलंय, शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण ते खरंच वाट बघतात, दर रविवारी शर्ट इस्त्री करून बसतात. तिने सगळं ऐकून घेतलं. डोळे भरले होते, आवाज मात्र सरळ होता.

"बाटली मी महिन्यापूर्वीच बघितली होती," ती म्हणाली. "आजच्या टेबलाची पाटी दुकानात वाचली म्हणून आले. मुलाला सांगून आले की आजोबांना भेटायला जाते." आणि मग, "तुम्ही त्यांना जा म्हणालात. मी ऐकलं."

"हो."

"तेव्हाही म्हणाले होते कोणीतरी." आणि ती गाडीत बसली.

मी परत आले तेव्हा गर्दी पांगली होती. ट्रकवालाही गेला होता. काका टेबलाशी ताठ उभे होते, ओतून ठेवलेल्या पंचवीस-तीस पेल्यांमागे, प्यायला कोणी नाही. सगळा फेस बसून गेला होता.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

जन्मभर मी गोड बोलून माल खपवला. कडूला चविष्ट म्हटलं, शिळ्याला मुरलेलं म्हटलं. त्या दिवशी मला ते जमलं नाही. तिचा शब्द न् शब्द त्यांना सांगितला, मुलाला काय सांगून आली होती तेही.

काकांनी एप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटेना. मी सोडली. "तिने हाक मारली असती तर गेलो असतो गं मी," ते म्हणाले. "एकदा जरी 'बाबा' म्हणाली असती तर."

"तिने का मारायची हाक?" मी म्हटलं. "दोघांत बाप कोण आहे?"

एवढं तोडून बोलायला नको होतं मी. त्यांनी मान हलवली आणि ते पेले एकेक करून बादलीत ओतायला लागले.