प्रज्ञाचा स्विंग उघडला तेव्हा

सलग सातव्यांदा बॅट पत्र्यावर आदळली, तेव्हा मुख्याध्यापक ऑफिसातून बाहेर आले.

"मॅडम, वर दहावीची चाचणी चालू आहे. हा काय प्रकार?"

"ड्रिल आहे सर."

"पत्रा फोडायचं?"

खरं तर पत्र्याला बॅट न लागू देण्याचं ड्रिल होतं. पण मुलीला ते जमत नव्हतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वेगळं काही वाटण्याचं कारणही नव्हतं. मी सरांची माफी मागितली आणि चाचणी संपेपर्यंत थांबले. मग पुन्हा सुरू केलं.

पिंपरी-चिंचवडच्या एका शाळेत मी पी.टी. शिकवते आणि मुलींच्या सॉफ्टबॉल टीमची कोच आहे. सत्तावीस वर्षं झाली. सॉफ्टबॉल म्हटलं की लोक विचारतात, बॉल मऊ असतो का? नसतो. नडगीवर बसला की खात्री पटते. क्रिकेटच्या बॉलपेक्षा तो मोठा असतो आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, हात गोल फिरवून तो खालून टाकते. खालून येतो म्हणजे सावकाश येत असेल, असाही एक गैरसमज आहे. चांगली पिचर समोर असली की मारू की नको हे ठरवायला पापणी लवण्याइतकाच वेळ मिळतो.

पत्र्यासमोर उभी होती ती प्रज्ञा. नववीतली, सांगवीची. गल्लीत चुलतभावांबरोबर क्रिकेट खेळून तयार झालेली. टीममध्ये तिच्याइतकं जोरात कोणी मारत नव्हतं. तिने मारलेला बॉल कंपाउंडपलीकडे गेला की तो आणायला कोणी जायचं यावरून भांडणं व्हायची.

पण प्रज्ञा नुसत्या हातांनी मारायची. बॅट हातातच असते, मग आणखी कशाने मारणार, असं तुम्ही म्हणाल. खरा फटका पायातून निघतो. पुढची टाच जमिनीवर टेकते, कंबर फिरते, मग खांदे आणि सगळ्यांत शेवटी हात. ओली चादर झटकताना जोर अंगातून निघतो आणि चादरीचं टोक शेवटी फटकन वाजतं, तसं. बॅट अंगाजवळून आली की तिचा रस्ता छोटा होतो आणि वेळ वाचतो. प्रज्ञाचे हात मात्र सगळ्यांत आधी निघायचे, तेही अंगापासून लांब. बॅट मोठा वळसा घेऊन यायची. आमची पिचर मंद होती, म्हणून तो वळसा खपून जात होता. जिल्ह्याच्या स्पर्धेत खपणार नव्हता. म्हणून पत्र्यापासून एका बॅटच्या अंतरावर उभं राहायचं आणि पत्र्याला न लागता स्विंग करायचा, म्हणजे बॅट फिरवायची. हात लांब गेले की पत्रा वाजतो. कोचला ओरडावं लागत नाही.

स्पर्धेला बारा दिवस होते. दोष दिसला की मला दम धरवत नाही. तो माझा गुण आहे, असं मी तोवर समजत होते.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाचे वडील ग्राउंडवर आले. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसने उतरून थेट आले होते. खांद्याला डब्याची पिशवी तशीच. पोरगी चार पावलांवर उभी होती.

"मॅडम, एवढं चांगलं मारत होती की. मग बदलताय कशाला?"

मी त्यांना कंबर, टाच, हात, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडं चालत्या मशिनला कोणी हात लावत न्हाई."

"पण मेंटेनन्स तर करावा लागतो ना?"

"करतो की. पण आधी लाइनवर सांगतो, इतके तास मशिन बंद राहणार म्हणून."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय," मी म्हणाले. "दोन आठवडे तिचा खेळ बिघडेल. जुनी सवय मोडलेली असते आणि नवी बसलेली नसते. सगळ्यांचंच होतं. घाबरायचं नाही."

ते हसले नाहीत. "बघा, तुम्ही जाणकार आहात. पण माझंही ऐकून ठेवा. यंदा जिल्ह्याच्या टीममध्ये तिचं सिलेक्शन झालं, तर दहावीतही खेळू देईन. न्हाई झालं तर ग्राउंड बंद, क्लास चालू. तिलाही तेच सांगितलंय."

मी मान डोलावली. आपल्या शब्दावर माझाच इतका विश्वास होता की मी मनातल्या मनात दिवससुद्धा मोजले नाहीत.

पाचव्या दिवशी प्रज्ञाचा टीवरचा बॉल चुकला. टी म्हणजे रबरी नळीचा स्टँड. त्यावर बॉल ठेवलेला असतो, एका जागी, न हलता. तो चौथीतली मुलगीही मारते. प्रज्ञाची बॅट वरून गेली आणि बाकीच्या पोरी खिदळल्या. तिने आपल्या पंजांकडे पाहिलं.

"मॅडम, पहिल्यासारखं मारू?"

"अजिबात नाही. पुढची."

एवढंच बोलले मी. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांनी विचारलं, "तुमची ती हुकमी मुलगी ढेपाळलीय म्हणे?" त्यांना मात्र मी खुर्चीत बसून दहा मिनिटं समजावलं. दोन आठवडे लागतात, आधी बिघडतं, मग बसतं. सरांना पटलं. ऑफिसातल्या क्लार्कनेही मान हलवली.

नवव्या दिवशी प्रज्ञा आली नाही. दहाव्या दिवशी मी सांगवीला तिच्या घरी गेले. आईने चहा टाकला. प्रज्ञा मोरीपाशी भांडी विसळत बसली होती. मला बघून ती उठली, पण जवळ आली नाही.

"काय गं, ताप आला होता का?"

"नाही मॅडम."

"मग?"

तिने ओले हात ओढणीला पुसले. मग म्हणाली, "माझं गेलं ना सगळं. आता उगाच कशाला येऊ? टीमची जागा अडते."

"काय गेलं?"

"मारायचं. मला यायचं ते. आता टीवरचापण लागत नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, "अगं वेडे, ते बिघडणारच होतं. दोन आठवडे असं होतंच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पप्पांना पण?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?"

तिच्या बापाला सांगितलं, हेडमास्तरांना सांगितलं, क्लार्कला सांगितलं. जिचा स्विंग होता ती चार पावलांवर उभी होती आणि मी तिच्या डोक्यावरून बोलत होते. तिने ऐकलं असेल, असं मी गृहीत धरलं. ऐकलंही असेल. पण मी तिच्याशी बोलतच नव्हते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सॉरी," मी म्हणाले. शाळेत हा शब्द मी मुलींकडून वसूल करते. द्यायची वेळ क्वचित येते.

"आता काय करायचं मॅडम? परवा मॅच आहे."

"तू ठरव."

तिने विचार केला. "मॅचला जुनंच मारते. नवीन नंतर शिकू." बारा दिवसांत कोणी बोललं नव्हतं इतकं शहाणपणाचं वाक्य होतं ते.

पण जुनं परत आलं नाही. एकदा उघडलेली वस्तू मिटवली म्हणून पहिल्यासारखी बसत नाही. स्पर्धेत पहिल्या वेळी तिचे तिन्ही बॉल हुकले. तीन स्ट्राइक म्हणजे बाद. दुसऱ्या वेळी बॉल उंच उडाला आणि सोपा कॅच गेला. तिसऱ्या वेळी समोरची पिचर जोमात होती, बॉल सुसाट आला. मला वाटतं, प्रज्ञाला जुनं की नवं ते आठवायला वेळच मिळाला नाही. टाच टेकली, कंबर फिरली, हात मागून आले. असा आवाज झाला की पलीकडच्या कोचनेही मान वळवली. बॉल छातीच्या उंचीने सरळ गेला आणि तिसऱ्या बेसवर फिल्डिंग करणाऱ्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये बसला. ती जागची हललीसुद्धा नव्हती. बाद.

प्रज्ञा परत येऊन माझ्या शेजारी बसली. "मॅडम, लागला होता."

"हो गं. लागला होता."

स्कोअरबुकात कंबर कशी फिरली ते लिहायला रकाना नसतो. तिच्या नावापुढे तीन वेळा बाद एवढंच होतं. आम्ही ती मॅच हरलो. संध्याकाळी निवड समितीने यादी लावली, त्यात तिचं नाव नव्हतं.

मी तिच्या वडिलांना फोन केला. म्हटलं, स्विंग बसलाय, फक्त दोन महिने द्या.

"मॅडम, तुम्हीच म्हणालात दोन आठवडे बिघडणार. आणि मॅच बाराव्या दिवशी. हिशेब तुमच्याकडंच होता की." ते चिडले नव्हते, हेच जास्त लागलं. त्यांनी शब्द पाळला. जूनपासून प्रज्ञा क्लासला जाऊ लागली.

तिचा क्लास शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. कधी वेळ असला की ती पाठीवरच्या दप्तरासकट पाच मिनिटं ग्राउंडवर येते. एकदा अशीच आली तेव्हा सहावीतली एक नवीन पोर पायरीवर रुसून बसली होती. तिची पकड मी आदल्या आठवड्यात बदलली होती. मी सामान मोजत होते. प्रज्ञा तिच्या शेजारी टेकली.

"मॅडमनी काही बदललं का तुझं?"

पोरीने होकारार्थी मान हलवली.

"मग पंधरा दिवस काहीच लागणार नाही. तुझं काही गेलेलं नाही. नंतर येतं."

पोरीने डोळे पुसले आणि ती उठली. हे वाक्य माझ्या तोंडून यायला हवं होतं, मागच्या वर्षी आणि या वर्षीही. माणूस एका ठेचेत शहाणा होतोच असं नाही.

आता मी कोणाच्या स्विंगला हात लावण्याआधी मुलीला समोर बसवते. काय बदलणार, काय बिघडणार, किती दिवस, सगळं तिला सांगते आणि ती हो म्हणाली तरच पुढे जाते. बहुतेक मुली हो म्हणतात. फक्त आधी एक प्रश्न विचारतात, मॅच कधी आहे? सत्तावीस वर्षांच्या अनुभवात मला तो सुचला नव्हता.