तिच्या आवाजापुरती गिटार

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, निदान आधार कार्डावर तसं आहे. शाळा मी चौथीत सोडली. तरी गिटार वाजवतो म्हटलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात. जाळी ओढून ओढून बोटं जाड झाली आहेत. मोहने गावातल्या कारखान्यातला एक दोस्त खाडीवर मासळी घ्यायला यायचा, त्याने शिकवली. मग आमच्या कोळीवाड्यातल्या हळदीत पन्नास वर्षं वाजवली. कोणाकडून शाबासकी मागितली नाही, आणि कोणी दिली नाही असंही झालं नाही.

माझी बायको धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी, धवले, म्हणणारी. आमच्यात लग्न लावायला भटजी असला तरी धवलारीण लागतेच. हळद कुटायला, मांडव घालायला, नवरीला न्हाऊ घालायला, प्रत्येक कामाचा धवला वेगळा, आणि तो म्हटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. तिला ते सगळे तोंडपाठ. पण मधे न्युमोनिया झाला आणि तिचा श्वास कमी पडायला लागला. ओळीच्या मधेच तुटायचा. तिने बाहेर गाणं सोडलं. घरी गुणगुणायची तेव्हा मी हळूच गिटार धरायचो. श्वास तुटला की मधली जागा मी भरून काढायची, तोवर ती दम घ्यायची. ऐकणाऱ्याला वाटावं, ओळ अशीच आहे. धवल्याला वाद्य नसतं हे मलाही ठाऊक आहे. ज्यांना ते खटकतं त्यांनी खुशाल खटकून घ्यावं.

तर डोंबिवलीला दिलेल्या आमच्या मुलीच्या मुलीचं लग्न ठरलं. नात म्हणाली, आजी गाणार असेल तर धवले, नाहीतर मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावू. दोन दिवसांनी बायको भाकऱ्या थापताना म्हणाली, तुम्ही बाजूला बसणार असाल तर गाईन.

आणि नेमकी माझी गिटार तेव्हाच गेली. आम्ही बाळकुमला राहतो, खाडीची हवा घरात येते. लाकडाची गिटार त्या हवेत टिकत नाही. दांडी वाकली, तारा बोटभर वर उचलल्या, दाबता दाबेनात. ही माझी तिसरी. मुलगी म्हणाली, बाबा, आता कार्बन फायबरची घेऊ, तिला दमट हवेचं काही होत नाही, पैसे मी देणार आणि तुम्ही वाद घालायचा नाही. मी वाद घातला. पण फायबर म्हटल्यावर मनातून पटलं होतं. आमची होडी लाकडाची होती तोवर दर वर्षी भेगा बुजवा, तेल द्या. फायबरची आणली आणि सुटलो.

ठाण्याच्या वाद्यांच्या दुकानात मी, बायको आणि मुलगी असे तिघं गेलेलो. केस पिकलेला, शांत स्वभावाचा दुकानदार. त्याने दोन काढून ठेवल्या. एक मोठ्या पोटाची, काळी कुळकुळीत. दुसरी लहान, कंबर बारीक, चटईसारखी वीण वरून दिसणारी. मी कोणाला न विचारता दोघींवर अंगठा दाबून बघितला. नवी होडी घेताना आम्ही तेच करतो. अंगठ्याखाली दबली तर थर कमी, ती होडी घ्यायची नाही. मोठी दगडासारखी राहिली. लहान जराशी दबली.

मी म्हटलं, "ही मोठी बांधा. दुसरी कच्ची आहे."

दुकानदार म्हणाला, "काका, हिला पाण्यात नाही सोडायचं. वरचा भाग असा थोडा हलला की आवाज मऊ निघतो."

मुलगी तोंड फिरवून हसली. मला राग आला. मी मोठी मांडीवर घेतली आणि वाजवली. काय आवाज होता! अख्खं दुकान भरलं. म्हटलं, बघा, मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल. माझ्यासाठी तिथेच संपलं होतं.

बायको कोपऱ्यात स्टुलावर बसलेली. एसीच्या गारव्याने खोकला येईल म्हणून पदर तोंडाशी धरलेला. तिने पदर काढला आणि हळदीच्या धवल्याची एक ओळ धरली. मी साथ दिली. ती अर्ध्यात थांबली. मला वाटलं, श्वास गेला.

ती म्हणाली, "श्वास हाय. पन माजा आवाज कुठं हाय? ती खाते मला."

मग दुकानदाराने लहान माझ्या हातात दिली आणि एसी बंद केला. तिने पुन्हा ओळ धरली. या वेळी ती पुढे होती आणि मी मागे. मधे तिचा श्वास तुटला, मी दोन तारा छेडल्या, त्या रेंगाळल्या, आणि त्यांच्यावरून ती पुढच्या शब्दावर गेली. शेजारी तबला बघायला आलेलं एक जोडपं होतं, तेही जवळ येऊन उभं राहिलं. वर्षभराने ती चार लोकांसमोर गायली होती. मुलीचे डोळे भरलेले मी बघितले आणि न बघितल्यासारखं केलं.

तरी माझा हट्ट जाईना. म्हटलं, पातळ आहे, गर्दीत आपटली तर?

"आपटायची कशाला?" बायको म्हणाली. "येवढ्या वर्षांत मी आपटलं का तुमाला?"

दुकानदार पहिल्यांदा मोठ्याने हसला. लहान गिटार बांधली.

मला आयुष्यात नाही म्हणायची हिंमत दोनच माणसांनी केली, आणि दोघी त्या दिवशी दुकानात होत्या. ही देवाची मेहेरबानीच. एकटा गेलो असतो तर मोठी घेऊन आलो असतो, मांडवात वाहवा घेतली असती, आणि नातीने आजीचे नुसते ओठ हलताना बघितले असते. मुलीचे आभार मी मानले नाहीत, आमच्यात तशी पद्धत नाही. रिक्षात गिटार मात्र तिच्या मांडीवर दिली. मी माझी गिटार कोणाच्या हातात देत नाही, हे तिला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलो. बायकोचा आवाज आता खाली उतरला आहे, म्हणून सगळ्या तारा एकेक करून सैल केल्या, ती गुणगुणत होती तिथवर आणल्या. मग गिटार मांडीवर धरून तिचा चहा संपायची वाट बघत राहिलो.