उंबरपाड्यात विसरलेली आई

गेल्या डिसेंबरात माझ्या मुलांनी मला एका खेड्यात विसरून येण्याचा पराक्रम केला. मुद्दाम नव्हे. मुद्दाम केलं असतं तर निदान आधी कोणीतरी त्यावर विचार केला होता, एवढं समाधान मिळालं असतं!

बेत निखिलचा, म्हणजे माझ्या मुलाचा. हे गेल्यापासून मी दोन वर्षं डोंबिवलीच्या घरात एकटी असते. निखिल ठाण्याला, मुलगी रश्मी कल्याणला. दोघांना अधूनमधून एकदम आठवण होते की, आईला बाहेर काढायला हवं. (ऊन दाखवायला गाद्या काढतात, तसं.) मग मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, उंबरपाडा नावाचं खेडं शोधलं गेलं. जुनं दगडी शंकराचं देऊळ, छोटंसं धरण आणि एक धबधबा. दोन गाड्या, आठ माणसं.

धबधबा डिसेंबरात आटलेला होता. जावई अर्धा तास कोरड्या खडकाचे फोटो काढत होते. धरणावर नातवंडांनी फोनमधून मान वर काढली, "पाणीच आहे," म्हणाली आणि मान पुन्हा खाली घातली. जाताना मी निखिलच्या गाडीत होते. धरणापासून देवळापर्यंत रश्मीच्या, कारण निखिलच्या धाकट्याला पाय पसरून झोपायचं होतं. ही बदली पुढे मला फार महागात पडली.

देवळातून निघताना मला जरा 'जाऊन' यायचं होतं. आता चौसष्टाव्या वर्षी मोठमोठ्याने काय सांगणार? शेजारच्या अंगणात एक बाई वाल निवडत होती. तिला हळूच विचारलं. तिने मागच्या बाजूला नेलं. मी चार-पाच मिनिटांत बाहेर आले. (बरं, दहा धरा. दाराची कडी अडकली होती.) बघते तर देवळासमोर एकही गाडी नाही! धूळ तेवढी खाली बसत होती.

"येतील गं बाय," ती बाई म्हणाली. तिचं नाव यमुना. "गाडी वळवाया गेली आसतील."

गाड्या वळवायला तासभर लागत नाही, हे तासाभराने आम्हा दोघींनाही पटलं. माझी पर्स, पर्समधला फोन, सगळं रश्मीच्या गाडीत. निखिलला वाटलं, आई रश्मीकडे. रश्मीला वाटलं, आई निखिलकडे. आणि आई यमुनेच्या अंगणात, खाटेवर.

बघता बघता दहा-बारा माणसं जमली. देवळाची व्यवस्था बघणारे एक अण्णा होते. त्यांना एकदम उत्साह आला. ते तडक देवळात गेले आणि लाउडस्पीकर लावला.

"हॅलो, हॅलो! डोंबिवलीची एक म्हातारी सापडलेली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी!"

मी धावत देवळाच्या दाराशी गेले. "अहो, म्हातारी काय म्हणता!"

अण्णांनी मान डोलावली आणि पुन्हा माइक धरला. "दुरुस्ती ऐका. म्हातारी नाही, पण वयस्कर आहे. चालून-फिरून चांगली आहे!"

डोंगरापर्यंत आवाज गेला. न्यायला कोणी आलं नाही.

"फोन लावा की!" अण्णांनी स्वतःचा फोन पुढे केला. "कोणाचा तरी नंबर पाठ असेल ना?"

आता खरी पंचाईत. निखिलचा नंबर? सत्त्याण्णवने सुरू होतो, पुढचं निखिलला माहीत. रश्मीचा? तोही नाही. माझा स्वतःचा? स्वतःला फोन कोण करतं! फोनवर फक्त त्यांचे फोटो दाबायची सवय! आयुष्यभर पाठ असलेला नंबर एकच.

"मिस्टरांचा आहे पाठ."

"मग लावा ना बाई!"

"ते नाहीयेत."

"घरी नाहीत?"

एवढ्या माणसांसमोर काय सांगायचं? मी म्हटलं, "हो. घरी नाहीत."

"पण फोन असेल ना जवळ? सांगा, सांगा!"

इथे एक कबुली द्यायला हवी. ह्यांचा फोन मी बंद केलेला नाही. लोखंडी कपाटात, त्यांच्या स्वेटरखाली असतो. दर दोन दिवसांनी चार्ज करते, संपला की रिचार्ज मारते. मुलांना ठाऊक नाही. कधी दुपारी घर फारच गप्प झालं, तर माझ्या फोनवरून रिंग देते. कपाटात वाजतो. घरात कोणीतरी आहेसं वाटतं, एवढंच.

मी नंबर सांगितला. वाजेल, थांबेल, मग म्हणू, उचलत नाहीत. अण्णांनी स्पीकर चालू केला. रिंग वाजायला लागली. सात, आठ, नऊ...

"हॅलो?"

बाईचा आवाज!

सगळं अंगण फोनभोवती वाकलं.

"कोण बोलतंय?" मी ओरडले.

"तुम्ही कोण?"

"आधी तुम्ही सांगा! ह्यांचा फोन तुमच्याकडे कसा?"

"मी कुंदा!"

अण्णांनी नजर खाली वळवली. मागे कोणीतरी "अरेरे" म्हणालं. यमुनेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे बाय. पुरुषाची जातच तशी."

"अहो, ती माझी शेजारीण आहे!" मी म्हटलं. त्याने प्रकरण आणखीच बिघडलं.

कुंदाताईंकडे माझ्या घराची किल्ली असते. कुंड्यांना पाणी घालायला त्या आल्या होत्या आणि बंद कपाटातून फोन वाजायला लागला. "देवाचं नाव घेत कपाट उघडलं हो!" त्या रडकुंडीला आल्या होत्या. "म्हटलं, भाऊंना आता कोण फोन करतंय? तुम्ही कुठून बोलताय? बऱ्या आहात ना? म्हणजे... आहात ना?"

"आहे, आहे! उंबरपाड्यात आहे! निखिलला फोन करून सांगा, मला न्यायला ये."

पाच मिनिटांनी त्यांचा उलट फोन. "निखिल म्हणतो, तुम्ही रश्मीच्या गाडीत आहात."

"अहो, मी इथे खाटेवर बसलेय!"

"पण तो अगदी खात्रीने सांगतोय हो!"

क्षणभर मलाच शंका आली.

दोन्ही गाड्या तोवर कल्याणजवळ पोचलेल्या. परत यायला दीड तास. गर्दी पांगली. यमुनेने तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण दिलं. तिच्या घरात खोल्या चार आणि माणूस एक. दोन्ही मुलगे कळव्याला राहतात, होळीला येतात.

"रडू नको," ती म्हणाली. (मी रडत नव्हते. कालवण तिखट होतं.) "तुजी पोरं तुला इसरून गेली. म्हंजे आठवण झाली का येतील. माजी सांगून गेलीत."

मी तिच्या सुपातले मूठभर वाल पुढे ओढले आणि आम्ही दोघी निवडत बसलो. खरं सांगते, दोन वर्षांत कोणाच्या शेजारी इतका वेळ मी बसले नव्हते.

ऊन उतरता उतरता गाड्या आल्या. अंगणातच भांडण जुंपलं.

"तुझ्या गाडीत होती ती, रश्मी!"

"अरे, सकाळी तुझ्या गाडीत आलेली ना! मला वाटलं, तुझ्याकडेच बसली!"

मग निखिल जवळ आला. हळूच म्हणाला, "आई, बाबांचा फोन चालू आहे?"

"वेळ बघायला लागतो कधीकधी," मी म्हटलं.

घरात तीन घड्याळं आहेत, हे त्याला माहीत आहे. तो माझा हात धरून गाडीपर्यंत घेऊन गेला. मी लहान असल्यासारखा बेल्टसुद्धा त्यानेच लावला.

पण अपमान तो अपमान! मी ठरवलं, आता कडक रुसायचं. कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही. खिडकीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि सगळे मनधरणी करायला लागायची वाट बघत बसले. मुरबाड गेलं. आणखी दहा मिनिटं गेली. मग पुढून निखिल हलक्या आवाजात म्हणाला, "ए, गाणी बंद करा रे. दमलीय बिचारी. आजीला झोप लागलीय."

एवढ्या प्रेमाने म्हणाला की, त्याला खोटं पाडवेना. शेवटी कल्याण येईपर्यंत मी थोडी घोरलेसुद्धा!