शकुनताईंचा उजवा हात

शकुनताईंना स्वतःच्या आवाजाचा कधी गर्व नव्हता; हाताचा मात्र होता.

त्यांच्या यजमानांची, दिगंबररावांची, सरकारी नोकरीत कोलकात्याला बदली झाली, तेव्हा त्या सांगलीहून तीन वर्षांसाठी म्हणून आल्या आणि बत्तीस वर्षं राहिल्या. बालीगंजच्या एका शाळेत त्या शास्त्रीय गायन शिकवतात. मुलं गायला बसली की ताई समोर आणि त्यांचा उजवा हात मांडीवर. टाळी, खाली, बोटांवर मात्रा, आणि सम आली की मनगटाला हलकासा झटका. सम म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा. गाणाऱ्याने कितीही भटकावं, पण तिथे वेळेवर हजर व्हावं. त्या हाताकडे बघत माझी लेक चैत्रालीही बरोबर हजर व्हायची. "ताई, तुमचा हात म्हणजे घड्याळ आहे," असं मी म्हणायचे, आणि त्या खुलायच्या.

चैत्रालीने अकरावीला संगीत घेतलं. शाळेची अट अशी की बाहेरच्या मंडळाची परीक्षा पास व्हायची, नाहीतर बारावीला विषय सोडायचा. तिथे परीक्षक परगावचे असतात आणि शिकवणाऱ्याने खोलीत थांबायचं नसतं. शाळेचे शिक्षकही आपल्या मुलांना त्याच मुद्द्यांवर वेगळे गुण देतात. शकुनताईंनी चैत्रालीला तालासाठी दहापैकी नऊ दिले होते. डमडमच्या केंद्रावर परीक्षकांनी दिले दोन. पोरगी नापास झाली. आता एकच संधी उरली होती, सहा महिन्यांनी.

"आई, मला सम भेटलीच नाही," ती हुंदके देत म्हणाली. इथे वाढलेल्या आमच्या पोरांना सगळं 'भेटतं'. एरवी मी टोकलं असतं, पण त्या दिवशी जीभ वळली नाही.

मी तणतणत शकुनताईंकडे गेले. म्हटलं, परीक्षक खडूस असणार, फेरतपासणी मागू या, मी स्वतः पत्र लिहिते. ताईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि मी थकेपर्यंत मला बोलू दिलं.

"पत्र नको, शोभा. परीक्षेच्या संध्याकाळीच ते गृहस्थ मला म्हणाले होते, 'बाई, तुमची अकराच्या अकरा मुलं गाताना बंद दाराकडे बघत होती. दाराबाहेर होतं तरी काय?'"

"काय होतं?"

"मी होते. माझा हात होता." त्यांनी तो हात पदराखाली घेतला. "इतकी वर्षं मी मुलांना नऊ-नऊ गुण दिले. ते मुलांना नव्हते गं. मीच मला देत होते."

नऊ आणि दोन यांत एवढा फरक कसा, असं शाळेनेही विचारलं. ताईंनी एका ओळीत उत्तर दिलं: चूक मुलीची नाही, शिकवणारीची आहे. दिगंबरराव म्हणाले, एवढं उघड लिहायची काय गरज? तरी ताईंनी तसंच पाठवलं. आता भांडायला मला कोणी उरलंच नाही, आणि त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवसापासून ताई मुलांच्या पाठीमागे बसू लागल्या. मुलांची तोंडं भिंतीकडे. चैत्रालीची सम रोज हुकायची, आणि मागून एवढंच ऐकू यायचं, "थांब. ठेका ऐक. तुझा हात कुठे आहे?" ती घरी येऊन वही आपटायची. तिचे बाबा, म्हणजे आमचे अविनाशराव, बँकेतून आले की आधी तिच्या खोलीचं दार उघडं आहे की बंद ते बघायचे आणि मग बूट काढायचे.

शेवटी मी ताईंना म्हटलंच, "परीक्षा तोंडावर आली, आणि पोरगी पाण्यात असताना तुम्ही तिचा भोपळा काढून घेतलात!"

"भोपळा किती वर्षं बांधायचा?" त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे सुजलेले होते. मला लाज वाटली, पण मी माफी मागितली नाही. माझा स्वभावच मेला तसा.

परीक्षेच्या आठवड्यात त्यांनी शाळेचा गुणांचा फॉर्म भरला. तालापुढे पाच. मी उसळले. "पाच? तुमच्या स्वतःच्या विद्यार्थिनीला?"

"पाचच आहेत," त्या म्हणाल्या, "पण तिचे आहेत."

डमडमला परीक्षक तेच आले होते. चैत्राली आत गेली, दार बंद झालं. आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो. तंबोरा सुरू झाला, मग तबला, मग बिहाग रागातला संथ, विलंबित ख्याल. ताईंनी आपला उजवा हात माझ्यापुढे केला.

"धर हा. घट्ट धर."

मी दोन्ही हातांनी धरला. माझ्या मुठीत त्यांची बोटं मात्रा मोजत होती, थांबवल्याने थांबत नव्हती. त्यामुळे ताल न कळणाऱ्या मलासुद्धा सम कुठे आहे ते कळत होतं. ठेक्याचे दोन फेरे, दोन आवर्तनं, नीट गेली. तिसऱ्याला बोटांनी माझा तळवा दाबला आणि आत चैत्रालीचा आवाज अर्ध्यावर तुटला.

नुसता ठेका चालू राहिला. ताईंचा हात सुटायला धडपडत होता, जणू दाराबाहेरून तो कुणाला दिसणार होता. मी सोडला नाही. ठेका एक, दोन, तीन मात्रा पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि मग चैत्रालीने समेवर नेणारा मुखडा उचलला. बोटांनी माझा तळवा दाबला आणि त्याच क्षणी आत सम पडली. पुढची सगळी आवर्तनं तिने गायली, एकही न हुकता.

निकाल महिन्याने लागला. तालात सहा, चैत्राली पास, बारावीला संगीत कायम. पण माझी परीक्षा त्या पायरीवरच संपली होती. त्या दिवशी दुपारी परीक्षक जेवायला बाहेर आले, तेव्हा आमच्यापुढे थांबून म्हणाले, "आज कोणी दाराकडे बघितलं नाही, बाई."

शकुनताई मान खाली घालून मनसोक्त रडल्या. मग नाक पुसायला उजवा हात लागला, तेव्हा म्हणाल्या, "आता तरी सोड गं, शोभा."

तो अजून माझ्याच हातात होता.