डावी पाकळी

सिस्टर सेवेरिना परवानगी मागत. कोणाचीही मागत. घरात शिरताना उंबऱ्यावरच्या म्हातारीची, बसमध्ये पिशवी ठेवताना शेजाऱ्याची, आणि जिला धड बोलता येत नव्हतं त्या मुलीच्या पायाला हात लावण्याआधी तिचीसुद्धा. "मंजू, पांय धरूं गो?" असं विचारून त्या चटईवर बसून राहत. मुलगी छपराकडे बघत असे. मी घड्याळाकडे बघत असे, कारण बस चुकली तर डिचोलीपर्यंत खनिजाच्या ट्रकमध्ये धूळ खात जावं लागे. मुलीने मान हलवली, किंवा सिस्टरांना ती हलल्यासारखी वाटली, की मगच काम सुरू होई.

मी डिचोलीहून रोज सुर्ल्याजवळच्या एका वाड्यावरच्या शाळेत शिकवायला जात असे. गोवा घटकराज्य होऊन एखाद-दोन वर्षं झाली होती, आणि आम्हा मास्तरांची मराठी की कोकणी यावरून चहा थंड होईपर्यंत भांडणं चालत. मी मराठीचा कट्टर. सिस्टर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या, कोकणीशिवाय बोलत नसत. वाद घालायला मी टपलेलो असे. त्यांनी एकदाही घातला नाही, आणि त्याचाही मला राग येई.

त्यांच्या संस्थेने डिचोलीत अपंग मुलांसाठी एक लहानसं केंद्र काढलं होतं. वाड्यावर असं एखादं मूल आहे का, हे विचारायला त्या शाळेत आल्या. मी "नाही" म्हणालो. त्या बसूनच राहिल्या. शेवटी मंजूचं नाव माझ्याच तोंडून निघालं.

मंजू सात वर्षांची, जन्मापासून हातपाय ताठ. बाप खनिजाच्या ट्रकवर, आई सुशीला लोकांच्या शेतात, दोडामार्गाकडची माणसं. दोघं कामावर गेली की मुलीला जुन्या लुगड्याने खांबाशी बांधून ठेवत, पडू नये म्हणून. सकाळी भरवलेल्या पेजेवर तिने संध्याकाळपर्यंत काढायचं, कारण समोर पाव ठेवला तरी तो उचलून तोंडात घालणं तिला जमत नव्हतं. सिस्टरांना एवढंच हवं होतं, की मुलीने आपल्या हाताने खावं. रोज केंद्रात आणलं तर वर्षभरात जमेल, असं त्या म्हणाल्या.

सुशीला तयार होती, पण देवीला विचारल्याशिवाय नाही. "कौल घेतल्याबगर चेडवाक गावाभायर कसा धाडूचा?" मला वाटलं, आटोपलं सगळं. सिस्टर म्हणाल्या, "विचारात. हांवूंय येतां." आणि खरोखरच आल्या. देवळाच्या अंगणात चपला काढून, जपमाळ हातात धरून बायकांमध्ये बसल्या. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ काहीच पडेना. मग डावी पडली.

मी गुरवाला बाजूला घेतलं. आठ दिवसांनी पुन्हा लावू म्हणाला. लोक लावतातच, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी आम्ही तीनदा लावला होता. मी आनंदाने सांगायला गेलो, तर सिस्टर चपला घालत होत्या.

"विचारलें आमीच न्हय, मास्तर? आतां जबाब आवडलो ना म्हूण परत विचारप?"

"अहो, पण मुलीचं काय?"

"तिका व्हरपाक ना म्हळां. म्हाका येवपाक खंय ना म्हळां?"

झालं. देवीची ना मुलीला न्यायला होती, यांना यायला नव्हती! केंद्रात सगळी साधनं तयार असताना, एका पाकळीपायी ही बाई आठवड्यातून दोनदा बसने येऊन मंजूच्या घरापर्यंतचं टेकाड चढू लागली. शनिवारी शाळा अर्धी, म्हणून मुलीला मागून धरायला मी. ट्रकांच्या लाल धुळीने सिस्टरांचा पांढरा झगा वर पोचेपर्यंत विटकरी होई. मी वाटभर बडबडत असे. त्या म्हणत, "राग मागीर, मास्तर. आदीं चडाव."

वर गेल्यावर कोपरांना कोमट तेल, मग चहात बुडवलेला पाव मंजूच्या हातात. पाव हनुवटीला लागे, कानाला लागे, तोंड सोडून सगळीकडे लागे. न राहवून मी तिचा हात धरून तोंडाकडे नेऊ लागलो की सिस्टर माझ्या मनगटावर बोट ठेवत. "तुमी जेवल्यात, मास्तर. तिका जेवूंक दियात."

वर्ष उलटलं. पाव ओठांपर्यंत येऊ लागला, आणि सिस्टरांची बदली झाली, दूर कर्नाटकात कुठेतरी. मी म्हटलं, वरिष्ठांकडे सहा महिने मागून घ्या. जन्मभर सगळ्यांकडे परवानग्या मागणाऱ्या बाईला एवढं काय जड होतं?

"तें मंजूखातीर न्हय, म्हजेखातीर मागप जातलें. तिणें पयलो घांस घेतना म्हाका पळोवंक जाय, इतलेंच."

पहिला घास बघायची हौस आपली स्वतःची, म्हणून मुदत मागायची नाही! माझं डोकं फिरलं. "मग तुमचा देव आणि आमची देवी, दोघं मिळून भरवतील तिला," मी म्हणालो.

"आनी तुमी," त्या म्हणाल्या.

त्या गेल्या त्या दिवशी मी स्टँडवर गेलो नाही. टेकाडही चढलो नाही. तीन शनिवार शाळा सुटली की सरळ बस पकडली.

चौथ्या शनिवारी सुशीला शाळेच्या दारात उभी. हातात पोस्टाचं कोरं पत्र. "मास्तर, सिस्टराक लिवन देवा. लिवा, चेडू आपल्या हातान खाता. बुधवारी मी दनपारी घराक इलंय, तर समोरचो पाव नाय. कुत्र्यान खाल्ल्यान काय म्हणान दुसरो ठेवलंय. तोव खाल्ल्यान, माझ्यासमोर." मी लिहीत होतो. मग ती म्हणाली, "आनि लिवा, मास्तर तीन शनवार येवक नाय."

ते वाक्य मी लिहिलं नाही. लिहिल्यासारखा पेन हलवला. सुशीलेला वाचता येत नव्हतं. त्याच दुपारी मी तिच्याबरोबर वर गेलो, आणि नंतर एकही शनिवार चुकवला नाही.

सिस्टरांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. "मास्तरांक देव बरें करूं. ते थंय आसात म्हूण म्हाका काळजी ना." खरं काय ते त्यांना कळवायचं, असं दर दिवाळीला ठरवत राहिलो. सात-आठ वर्षं अशीच गेली, आणि मग त्या वारल्याची बातमी आली.