घरात दुसरे कोणी नाही

वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा ती घरापासून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. वडील शिंपी. उजवा हात गेला, तसे शिलाईयंत्रही थांबले. आई पूर्वीच वारलेली. घराजवळच्या महाविद्यालयात एक जागा रिकामी होती आणि तेथील प्राचार्य तिला घ्यायला तयार होते. तिचे मूळ विद्यापीठ मात्र सोडायला तयार नव्हते. आजारी पालकाला सांभाळणारे दुसरे कोणीच नसेल तरच बदली, असा नियम. तुमचे तसे दिसत नाही, एवढेच उत्तर आले. म्हणून ती न्यायालयात गेली.

वकिलांनी याचिकेत लिहिले : ‘घरात दुसरे कोणी नाही.’ विद्यार्थ्यांच्या बदलीसाठी याच वकिलांनी केलेल्या इतर याचिकाही पाहायला मिळतात. हे वाक्य त्या प्रत्येकीत शब्दशः आहे, त्यामुळे ते तिच्या घराकडे पाहून लिहिले गेले असावे असे मानता येत नाही.

“पण दादा आहे की,” ती म्हणाली. दादा लांब पल्ल्याच्या बसवर चालक होता.

“घरी असतो?”

“आठवड्यातून दोनदा येतो.”

“मग तो पाहुणा झाला. आठवड्यातून दोनदा दिसणाऱ्याला कोर्ट भाऊ म्हणत नाही. करा सही.”

तिने सही केली. घरी दादाने ते वाक्य वाचले. “म्हणजे मी कोणी नाही?”

वडिलांची जीभ जड झाली होती, थट्टा शाबूत होती. “असून अडचण, नसून खोळंबा,” ते सावकाश म्हणाले. “ए कोणीनाही, चहा टाक.” तेच नाव पुढे घरात रुळले.

अंतिम निकाल लागेपर्यंत तिने नव्या महाविद्यालयात बसावे, परीक्षाही द्यावी, पण त्यामुळे तिला कोणताही हक्क मिळणार नाही, असा अंतरिम आदेश झाला. हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. तिच्या बाकापर्यंत नजर पोचण्याआधीच प्राध्यापक पट मिटत. परीक्षेचा निकाल सीलबंद लखोट्यात न्यायालयात गेला. वर्गमैत्रिणी तिला ‘त्रिशंकू’ म्हणत, आणि ती हाकेला ओ देत असे.

अंतिम सुनावणीच्या दिवशी विद्यापीठाच्या वकिलांनी नियम वाचला, तिच्या वकिलांनी ते वाक्य वाचले. न्यायाधीशांचा कल तिच्याकडे असावा, असे दोन्ही वकील आजही सांगतात. न्यायाधीशांनी तिला पुढे बोलावून आपुलकीने विचारले, “वडील तिकडे आजारी, मग आज कोर्टात एवढ्या लांब कोणाबरोबर आलीस, बाळ?”

“दादाबरोबर,” ती म्हणाली. “तो मागे बसलाय.”

मागच्या बाकावर दादा उठून उभा राहिला. तिच्या वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला. न्यायालयात हशा पिकला असे विद्यापीठाचे वकील सांगतात; दादाला तसे आठवत नाही. निकालपत्रात एवढेच आहे : ‘याचिकाकर्तीने भावाचे अस्तित्व मान्य केले.’ याचिका फेटाळली गेली. लखोटा उघडलाच नाही.

तिने सत्य सांगायचे ठरवले होते, असे नातेवाईक मानतात. ती स्वतः मानत नाही. “ठरवायला वेळ कुठे होता? प्रश्न सोपा वाटला, उत्तर देऊन बसले.”

पायऱ्या उतरताना दादा म्हणाला, “मी बाहेर गाडीतच थांबलो असतो तर?”

“मग गाडी कोण चालवतंय, हे विचारलं असतं त्यांनी.”

पुढच्या महिन्यात दादाने लांबचा मार्ग सोडून गावातल्या गावात फिरणारी बस मागून घेतली. वडिलांना उठवणे, अंघोळ, औषधे त्याच्याकडे आली. ती मूळ विद्यापीठात परतली आणि तेच वर्ष पुन्हा शिकली. न्यायालयाने मान्य केलेला भाऊ न्यायालयाच्या आदेशानेच खरोखर घरी आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; पण आला तो त्यानंतरच. तिच्या शेवटच्या वर्षात वडील गेले. तेव्हा उशाशी दादा होता. ती पोचली नव्हती.

ज्या महाविद्यालयाच्या पटावर तिचे नाव कधी चढले नाही, त्याच्याच रुग्णालयात आता ती डॉक्टर आहे. परवा वॉर्डात टेबलावरचा तिचा मोबाइल वाजला. ती हातमोजे घालून रुग्णाची जखम बांधत होती.

“मॅडम, फोन,” परिचारिका म्हणाली.

“कोणाचा?”

“‘कोणी नाही’ असं लिहिलंय.”

“उचला. आमचा दादा आहे.”