होडीतला माणूस

माझी मुलगी आजही घरी आलेल्यांना सांगते, "शेवटी शेवटी आईला काही आठवायचं नाही." मी शेजारी बसून चहा पीत राहतो. आता मीही थकलो आहे. पण हे एकदा लिहून ठेवायला हवं.

शिरोलीला पंपांचे भाग ओतणाऱ्या एका फाउंड्रीत मी पॅटर्न बनवायचो, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना मालक मशिनरी बघायला चीनला गेले. मी लाकडातला माणूस म्हणून येताना माझ्यासाठी लाकडी तुकड्यांचं चित्रकोडं घेऊन आले. तिकडचं जुनं चित्र होतं: धुक्यातले डोंगर, वाकडी झाडं, खाली नदी आणि होडीत टोपी घातलेला एक म्हातारा.

बायकोला तेव्हा नुकताच अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी कॉटवर प्लायवूड ठेवून खोका तिच्यापुढे रिकामा केला. बहुतेक तुकडे धुक्याचेच.

"ह्यो पन्हाळाच हाय की वो," ती म्हणाली. "निस्ता भजीवाला न्हाई."

त्या हिवाळ्यात तिची बोटं पुन्हा तिचं ऐकायला लागली. होडीतला माणूस तिने सगळ्यात शेवटी लावायला म्हणून औषधांच्या डब्याशेजारी ठेवला होता. लाकूड किती बारीक कापलंय ते कारखान्यात दाखवावं म्हणून एका सकाळी मी तो खिशात टाकला. ती झोपलेली होती. तिकडे तो या हातातून त्या हातात फिरला आणि मोल्डिंगच्या, साचे करायच्या वाळूत पडला. खूप उकरलं, सापडला नाही.

"एवढ्या लांबनं आला आन् आमच्या वाळूत बुडाला की पावणा!" मोल्डर म्हणाला. "उद्या कुठल्यातरी पंपात निघंल बघा." सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी घरी आलो तर तिने वाकळ झटकून टाकली होती. "होडीवाला कुठं गेला वो? हितंच ठेवलता मी."

मी नेला, एवढंच म्हणायचं होतं. अंग मोडून आलं होतं, तिची नाराजी नको वाटली. "नव्हताच त्यो," मी म्हणालो. "खोक्यातनंच कमी आला असंल."

"आसं कसं? टोपीला टवका उडालता त्याच्या. हातात घेतलता मी."

"झाकणावरचं चित्र बघून वाटलं असंल तुला."

तिने झाकण उचलून पाहिलं. झाकणावरच्या टोपीला टवका नव्हता. तिने झाकण परत ठेवलं आणि वाकळ अंगावर ओढून घेतली.

मग मी तसाच तुकडा करायचं ठरवलं. रिकाम्या जागेची मापं घरातल्या साध्या पट्टीने घेतली, आणि कारखान्यात लाकडावर ती आमच्या पट्टीने आखली. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवतात. त्या पट्टीवरचा सेंटिमीटरच मुळात लांब असतो. सारा जन्म तीच पट्टी हातात, मला जाणवलंही नाही. रंगवून तो तुकडा कॉटखाली टाकला.

तिला सापडला तेव्हा चेहरा उजळला. मग तिने तो उन्हात धरला. "टवका कुठं गेला ह्याचा?"

"कसला टवका?" मी विचारलं.

तुकडा बसेना. तिने फिरवून पाहिला, अंगठ्याने दाबला. दुसऱ्या दिवशीही तेच. पट्टीची चूक माझ्या लक्षात आली तोवर तिने प्लायवूड माझ्याकडे सरकवलं होतं. "उचला हे. हात बी गेला आन् डोकं बी."

थोडा पॉलिश पेपर मारला असता तर बसला असता. पण तो बसवायला ती पुन्हा बसली नाही.

त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट मला विचारायची. गोळी घेतली का मी? दूध तापवलं का? घेतलेली असायची, तापवलेलं असायचं. मी नुसतं "व्हय" म्हणायचो. लोक ऐकायचे आणि मान हलवायचे.

पोरी, टवका होता. टोपीच्या काठाला, नखाच्या टोकाएवढा. खिशात टाकताना मी पाहिला होता. तुझ्या आईला सगळं नीट आठवत होतं.